मराठवाड्याचे ऊन, सीडीआयचा डबा आणि एक सोयीस्कर गैरसमज

१.
नांदेड असो वा लातूर, जुन्या दुचाक्यांचा विषय निघाला की एक वाक्य हमखास कानावर पडते : "आपल्या उन्हात इलेक्ट्रॉनिक टिकत नाही. पॉइंटला मात्र मरण नाही." पूर्वी हे वाक्य गॅरेजच्या बाकावर ऐकू यायचे. अलीकडे ते जुन्या गाड्यांच्या छायाचित्रांखाली 'मराठवाड्याचा इतिहास' म्हणून फिरू लागले आहे. इतिहासाची विद्यार्थिनी म्हणून मला ते मान्य नाही. हा धागा त्या वाक्याच्या विरोधात आहे.

२.
माझे म्हणणे आधीच स्पष्ट करते. इलेक्ट्रॉनिक प्रज्वलनाला मराठवाड्याच्या उन्हाने मारले नाही. ते जिथे मेले तिथे चुकीच्या जागी बसवल्यामुळे मेले. पॉइंटची जुनी यंत्रणा उष्णतेपुढे अधिक दुबळी होती. तिला माणसांनी जगवले. आणि या गैरसमजापायी आपण दोन्ही काळांचे पुरावे भंगारात घालत आहोत. आता एकेक मुद्दा.

३.
प्रथम यंत्रणा समजून घेऊ. पेट्रोल आणि हवेचे मिश्रण पेटवायला प्लगच्या टोकाशी ठिणगी लागते आणि तिला हजारो व्होल्टचा दाब लागतो. बॅटरी मात्र ६ किंवा १२ व्होल्टची. म्हणून कॉइलच्या जाड वेढ्यांतून वाहणारा प्रवाह एकदम तोडायचा; तो तुटताच बारीक वेढ्यांत प्रचंड दाब उत्पन्न होतो. हे तोडण्याचे काम करणारा छोटा यांत्रिक खटका म्हणजे पॉइंट. तो उघडताना त्याच्या तोंडाशी उडणारी ठिणगी शोषून घेतो तो कंडेन्सर.

४.
सीडीआय, म्हणजे कपॅसिटर डिस्चार्ज इग्निशन, उलट्या वाटेने जाते. मॅग्नेटमधील एक कॉइल कपॅसिटरमध्ये काहीशे व्होल्टचा भार साठवते. दुसरी छोटी पल्सर कॉइल 'आता' असा इशारा देते. त्या इशाऱ्यासरशी थायरिस्टर नावाचा अर्धवाहक खटका सगळा साठा एच.टी. कॉइलमध्ये ओततो. हलणारा, घासणारा, झिजणारा खटका इथे नाही. म्हणून त्याला इलेक्ट्रॉनिक म्हणायचे.

५.
'जुने पॉइंट, नवे इलेक्ट्रॉनिक' हा क्रमही वाटतो तितका सरळ नाही. कपॅसिटरचा साठा कॉइलमध्ये सोडून इंजिन पेटवण्याचे पेटंट निकोला टेस्ला यांना १८९८ मध्ये मिळाले. चार्ल्स केटरिंग यांची बॅटरी, कॉइल आणि पॉइंटची व्यवस्था कॅडिलॅक मोटारींत १९१० च्या सुमारास आली. म्हणजे कल्पना म्हणून सीडीआय थोरली आहे. तिला हवा होता एक जलद आणि न झिजणारा खटका. तो थायरिस्टरच्या रूपाने १९५७ मध्ये अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकने तयार केला. १९६९ मध्ये कावासाकीने आपल्या ५०० सीसीच्या तीन सिलिंडरी एच-१ मोटारसायकलीवर सीडीआय बसवून ती सामान्य ग्राहकाच्या हाती दिली.

६.
आपल्याकडचा कालक्रम पाहा. मद्रासला एनफिल्ड इंडियाची स्थापना १९५५. मैसूरच्या आयडियल जावाची गाडी १९६१ पासून, आणि १९७३ पासून तिचे नाव येझदी. एस्कॉर्ट्सची राजदूत १९६२ पासून. आजोबांच्या पिढीने नांदेड-लातूरच्या रस्त्यांवर चालवलेल्या या सगळ्या गाड्या पॉइंटच्या. मग १९८५ उजाडले. त्या एका वर्षात हिरो होंडाची सीडी १०० आणि यामाहाची आरएक्स १०० बाजारात आली, दोन्ही सीडीआयच्या. त्याच वर्षी आपल्याच मराठवाड्यात, औरंगाबादजवळ वाळूजला, बजाजच्या कारखान्यात उत्पादन सुरू झाले. एका दशकात गॅरेजचे व्याकरणच पालटले.

७.
तक्रारीचा उगम या पालटात आहे. पॉइंट बिघडला तर तो दिसायचा. झाकण काढा, काळवंडलेली तोंडे पॉलिश पेपरने घासा, फिलर गेजने साधारण ०.३५ ते ०.४० मिलिमीटरची फट साधा, गाडी चालू. सीडीआयचा डबा मात्र आतून राळेने भरून बंद केलेला. तो उघडता येत नाही, घासता येत नाही, त्याला विचारता येत नाही. आणि जो बिघाड दिसत नाही त्याला माणूस समोर दिसणारे कारण चिकटवतो. आपल्याकडे मे महिन्यात समोर काय दिसते? ऊन.

८.
प्रतिपक्षाला न्याय देऊ. इलेक्ट्रॉनिकला उष्णतेचे भय आहे, या समजाला ऐतिहासिक मूळ निश्चित आहे. १८३३ मध्ये मायकेल फॅरडे यांनी सिल्व्हर सल्फाइड तापवले आणि त्याचा विद्युतरोध वाढण्याऐवजी घटत असल्याचे नोंदवले. धातूचे वागणे याच्या बरोबर उलट असते. अर्धवाहकाचा हा स्वभाव म्हणजे उष्णतेने त्याच्यावरचा ताबा सुटण्याचा धोका. १९४७ मध्ये बेल प्रयोगशाळेत जन्मलेला पहिला ट्रान्झिस्टर जर्मेनियमचा होता, आणि जर्मेनियमचे भाग आतून जेमतेम ७५ ते १०० अंश सेल्सिअसपर्यंतच तग धरत.

९.
परंतु १९५४ मध्ये टेक्सास इन्स्ट्रुमेंट्समध्ये गॉर्डन टील यांनी सिलिकॉनचा ट्रान्झिस्टर बाजारात आणला. सिलिकॉन आतून सुमारे १५० अंशांपर्यंत काम करते. थायरिस्टर सिलिकॉनचाच. आरएक्स १०० आपल्याकडे आली तेव्हा जर्मेनियमचे युग केव्हाच सरले होते. 'इलेक्ट्रॉनिक उन्हात मरते' हे वाक्य मराठवाड्यात पोहोचले तेव्हाच ते शिळे होते. आपण आज चौथ्या दशकात ते ताजे म्हणून वाढतो आहोत.

१०.
आता साधे अंकगणित. इलेक्ट्रॉनिक भागांच्या उष्णतेच्या पायऱ्या ठरलेल्या आहेत : घरगुती वस्तूंसाठी ७० अंशांपर्यंत, औद्योगिक वापरासाठी ८५, वाहनांच्या इंजिनाजवळच्या जागेसाठी १२५. समजा, दुपारी पुण्यात ३८ अंश आणि नांदेडात ४३ अंश तापमान आहे. हवा पाच अंशांनी तापली की डबाही साधारण तेवढाच अधिक तापतो. पण त्याच गाडीवर सिलिंडरचे फिन १५० अंशांच्या घरात असतात आणि सीटखालची पोकळी साठीच्या आत. दोन जिल्ह्यांतला फरक पाच अंशांचा. एकाच गाडीवरच्या दोन जागांतला नव्वद अंशांचा. दोष कोणाला द्यायचा ते तुम्हीच ठरवा.

११.
शिवाय 'नांदेड-लातूरचे ऊन' असे एकत्र म्हणणेही सैल आहे. नांदेड गोदावरीच्या काठी, समुद्रसपाटीपासून सुमारे ३६० मीटर उंचीवर. लातूर बालाघाटच्या पठारावर, सुमारे ६३० मीटरवर. लोहा, अहमदपूर, चाकूर या वाटेने लातूरकडे निघाले की हवा किंचित निवत जाते, पण चढावर इंजिन मात्र अधिक तापते. त्या वाटेवर गाडी बंद पडली तर तिला कोणती उष्णता भोवली, आभाळाची की इंजिनाची? हा साधा प्रश्नही न विचारता आपण 'ऊन' म्हणून मोकळे होतो.

१२.
आणखी एक साक्ष. २०१६ चा उन्हाळा आठवा. त्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले. पहिली गाडी १२ एप्रिलला पोहोचली. त्या उन्हाळ्यात लातूरच्या गल्ल्यांतून दोन्ही बाजूंना पाण्याचे कॅन बांधलेल्या, जड ओझ्याने हळूहळू चालणाऱ्या, म्हणजे इंजिनाला वारा कमी आणि भार जास्त अशा असंख्य दुचाक्या धावल्या. त्या काळातल्या रोजच्या वापरातल्या गाड्या जवळजवळ सगळ्या इलेक्ट्रॉनिक प्रज्वलनाच्या. उन्हात इलेक्ट्रॉनिक मरत असते तर ते पाणी घरोघरी कोणी पोहोचवले असते?

१३.
आता वाक्याचा दुसरा अर्धा भाग : "पॉइंटला मरण नाही." हा भाग मला अधिक खटकतो, कारण तो सरळ खोटा आहे. जुन्या ब्रिटिश मोटारसायकलींवरच्या लुकास मॅग्नेटोचे उदाहरण घ्या. त्याच्या आर्मेचरचे वेढे शेलॅकने लिंपलेले असत. शेलॅक म्हणजे लाख, छोटा नागपूरच्या जंगलांतून जगभर जाणारी आपली लाख. ती सुमारे ७५ अंशांना मऊ पडते. तापलेल्या मॅग्नेटोत लाख पाझरून आर्मेचर जाम झाल्याच्या कथा जुन्या गाड्यांच्या जगात सर्वत्र आहेत. ज्या 'अमर' यंत्राचे गोडवे गायले जातात, त्याच्या उष्णतेची मर्यादा आजच्या साध्या सीडीआयपेक्षा खाली होती.

१४.
कंडेन्सरची गोष्ट याहून परिचित. धातूचा पातळ पत्रा आणि मेण किंवा तेल मुरवलेला कागद यांची ही गुंडाळी. बहुतेक गाड्यांत ती पॉइंटच्या शेजारीच, इंजिनाच्या अंगाला खेटून. तापून तापून कागद कोरडा होतो, रोधन सुटते. मग लक्षण ठरलेले : सकाळी एका किकमध्ये सुरू, दहा-पंधरा किलोमीटरनंतर फटफट, मग बंद; अर्धा तास सावलीत उभी केली की पुन्हा सुरू. 'गरम झाली की बंद पडते' ही ओळ सीडीआयच्या जन्माआधीपासून आपल्या रस्त्यांवर आहे.

१५.
पॉइंटचा स्वतःचा दोषही उष्णतेशी जोडलेला आहे. कॅमवर घासणाऱ्या त्याच्या टाचेला ग्रीसचा हात लागतो. उन्हाळ्यात ग्रीस वाळते, टाच झिजते, फट कमी होते, ठिणगी उशिरा पडू लागते. ठिणगी उशिरा पडली की इंजिन अधिक तापते. इंजिन तापले की ग्रीस आणखी वाळते. हे दुष्टचक्र तोडायला काही हजार किलोमीटरमागे एकदा कोणीतरी झाकण उघडावेच लागे.

१६.
हा 'कोणीतरी' म्हणजे मिस्त्री. माझा मूळ राग इथे आहे. 'पॉइंटला मरण नाही' असे म्हणताना आपण यंत्राला अमरत्व बहाल करतो आणि ज्याने ते यंत्र दर दोन महिन्यांनी मरता मरता वाचवले त्याला पुसून टाकतो. ते यंत्र आपोआप टिकले नाही. ते टिकवले गेले. ते कोणी टिकवले, किती मजुरीवर, कोणाकडून शिकून, कोणत्या अवजारांनी, याची एक ओळही आपल्या 'सोनेरी दिवसांच्या' लेखनात सापडत नाही.

१७.
इतिहासाच्या वर्गात पहिल्या वर्षी शिकवतात : जे पुरावे उरले त्यांवरून जे नष्ट झाले त्याविषयी निष्कर्ष काढू नका. आज मेळाव्यात चकाकणारी १९७० ची बुलेट पाहून 'जुन्या गाड्या टिकाऊ होत्या' म्हणणे ही तीच चूक. ज्या गाड्या कंडेन्सरपायी, मॅग्नेटोपायी, कंटाळून भंगारात गेल्या त्या साक्ष द्यायला मेळाव्यात येत नाहीत.

१८.
मग इलेक्ट्रॉनिक यंत्रणा उष्णतेने कधीच बिघडली नाही का? बिघडली, आणि तिचा इतिहास आपल्याला हवे ते उत्तर देतो. अमेरिकेत फोर्डने १९८० च्या दशकात आपल्या अनेक मोटारींत प्रज्वलनाचे मॉड्यूल थेट डिस्ट्रिब्यूटरच्या अंगावर, तापत्या इंजिनाशेजारी बसवले. मोटारी तापल्या की चालता चालता बंद पडू लागल्या. १९८३ ते १९९५ च्या गाड्यांविषयी कॅलिफोर्नियात सामुदायिक दावा उभा राहिला. २००० मध्ये तिथल्या न्यायाधीशांनी, कंपनीला हा दोष ठाऊक होता असे म्हणत, गाड्या परत बोलावण्याच्या बाजूने निर्णय दिला. २००१ मध्ये तडजोड झाली. या मोटारी थंड हवेच्या राज्यांतही विकल्या गेल्या होत्या. प्रश्न जागेचा होता.

१९.
दुसरे उदाहरण मोटारसायकलीचे. बीएमडब्ल्यूने आपल्या हवेवर थंड होणाऱ्या दोन सिलिंडरी गाड्यांना १९८१ पासून इलेक्ट्रॉनिक प्रज्वलन दिले. त्याचे नियंत्रक मॉड्यूल टाकीखाली एका धातूच्या पट्टीवर बसते. मॉड्यूल आणि पट्टी यांच्यामध्ये उष्णता वाहून नेणारी पांढरी पेस्ट लावलेली असते. वर्षांनुवर्षांनी ती पेस्ट वाळते, उष्णता आतच कोंडते आणि गाडी गरम झाली की ठिणगी जाते. उपाय काय? जुनी पेस्ट खरवडून नवी लावणे. यात मराठवाड्याचे ऊन कुठे आले?

२०.
आता घरचा दाखला. माझ्या काकांच्या येझदीला कोणीतरी हौसेने पॉइंटच्या जागी इलेक्ट्रॉनिक किट बसवून दिले होते. हिवाळाभर गाडी गुणी. एप्रिल लागताच, अहमदपूरच्या अलीकडे चहाला थांबले की पुन्हा सुरू होईना. घरातल्या सर्वांनी निकाल दिला : 'उन्हाने बॉक्स उडाला.' काका गाडी ढकलत एका वयोवृद्ध उस्तादांकडे घेऊन गेले, मी सोबत होते. त्यांनी टाकी उचलून पाहिले. डबा सिलिंडरच्या डोक्यावर, फिनपासून चार बोटांवर, प्लास्टिकच्या पट्ट्याने बांधलेला. ते हसून मला म्हणाले, "बेटा, बॉक्स मेला नाही. तुम्ही त्याला चुलीवर बसवलंय."

२१.
त्यांनी वायर लांबवून डबा सीटखाली नेला, ॲल्युमिनियमच्या जाड पत्र्यावर कसला आणि अर्थिंगची गंजलेली चकती घासून पुन्हा लावली. तोच डबा त्यानंतर तीन उन्हाळे चालला. चहाला थांबल्यावरच गाडी का बंद पडायची, तेही त्यांनीच सांगितले. चालत्या गाडीला वारा लागतो. गाडी थांबली की वारा थांबतो, पण इंजिनात साठलेली उष्णता वर चढतच राहते. त्यामुळे थांबल्यानंतरची पहिली काही मिनिटे टाकीखालचा भाग सर्वाधिक तापतो. हे ज्ञान त्यांनी कोणत्या पुस्तकात वाचले नव्हते.

२२.
आणखी एक गोष्ट लक्षात घ्या. सीडीआयच्या गाडीत उष्णतेने दगा देणारा भाग पुष्कळदा तो काळा डबा नसतोच. मॅग्नेटमधली चार्जिंगची कॉइल केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेच्या हजारो वेढ्यांची असते आणि ती इंजिनाच्या अंगातच तापत बसते. तापमान एका अंशाने वाढले की तांब्याचा रोध सुमारे ०.३९ टक्के वाढतो. शंभर अंशांनी वाढले तर जवळजवळ ४० टक्के. तारेवरच्या इनॅमलला कुठे तडा असेल तर तापून प्रसरण पावल्यावर तो दगा देतो आणि निवल्यावर पुन्हा साळसूद होतो. तांब्याची तार आणि तिच्यावरचे रोधन हे तर एकोणिसाव्या शतकातले तंत्र. फासावर मात्र विसाव्या शतकातला डबा जातो.

२३.
म्हणून निकालाआधी तपास हवा. कॉइलचा रोध मीटरने थंड असताना मोजा, गाडी बंद पडल्याक्षणी पुन्हा मोजा आणि कंपनीच्या माहितीपुस्तिकेतील आकड्याशी ताडून पाहा. त्याआधी टाकीचे झाकण उघडून बघा : त्यातले हवेचे छिद्र बुजले असेल तर काही किलोमीटरनंतर पेट्रोल उतरणे थांबते, गाडी बंद पडते आणि थोड्या वेळाने सुरूही होते. लक्षण हुबेहूब तेच. किती निरपराध डबे या एका छिद्रापायी कचऱ्यात गेले असतील!

२४.
आता दुसऱ्या टोकाच्या मंडळींकडे वळते. 'पॉइंट हे जुनाट लोढणे, काढून फेका, किट लावा' असे सांगणारेही तितकेच चुकतात. जुन्या जावाचा डायनॅमो ६ व्होल्टचा आणि अशक्त. त्यावर १२ व्होल्टसाठी बनवलेले किट किंवा कमी रोधाची कॉइल लावली तर प्रवाहाचा मेळ बसत नाही आणि मॉड्यूल स्वतःच्याच प्रवाहाने तापते. मग किट जळते आणि पुन्हा तेच वाक्य ऐकू येते : 'आपल्या उन्हात टिकत नाही.' दोन्ही टोकांचा गैरसमज एकच आहे : यंत्र आपोआप चांगले किंवा आपोआप वाईट असते.

२५.
कोणी विचारेल, ठिणगीचा एवढा काथ्याकूट कशाला? कारण यावर आता वारशाची व्याख्या अवलंबून आहे. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने मोटार वाहन नियमांत दुरुस्ती करून व्हिंटेज वाहनांची स्वतंत्र नोंदणी आणली. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून अधिक जुनी, मूळ रूपात राखलेली आणि चॅसी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार न झालेली दुचाकी वा चारचाकी तीत बसते. मराठवाड्यातल्या कोठारांत उभ्या असलेल्या सत्तरच्या दशकारंभीच्या बुलेट, जावा, राजदूत आज या उंबरठ्यावर आहेत. त्यांचे मूळ पॉइंट, कंडेन्सर, डायनॅमो कुठे आहेत? पुष्कळांचे भंगाराच्या पोत्यात.

२६.
आणि आरएक्स १००? १९८५ ची गाडी २०३५ मध्ये पन्नाशी गाठेल. त्या दिवशी तिचा मूळ सीडीआय डबा हाच अस्सल, जुना, जपण्याजोगा भाग ठरेल. ज्या डब्याला आज आपण 'नवे, नाजूक, उन्हाला भिणारे' म्हणून हिणवतो, तोच उद्या वस्तुसंग्रहालयातली वस्तू असेल. 'उन्हाने गेला' म्हणून तपासही न करता फेकलेला प्रत्येक डबा म्हणजे आपण हाताने फाडलेले एक कागदपत्र आहे.

२७.
एक आक्षेप मला अपेक्षित आहे : "पण जुने मिस्त्रीच सांगतात की सीडीआय उन्हात जातो. त्यांना खोटे ठरवता का?" नाही. साक्षीदाराचे निरीक्षण आणि त्याने लावलेला अर्थ हे वेगळे करणे, हेच तर आपल्या विद्याशाखेचे काम. 'दुपारी गाडी बंद पडली, निवल्यावर सुरू झाली' हे निरीक्षण आहे आणि ते सोळा आणे खरे मानायला हवे. 'म्हणून उन्हाने बॉक्स मेला' हा अर्थ आहे आणि तो तपासायला हवा. मिस्त्रींचा खरा आदर त्यांचे वाक्य पुढे ढकलण्यात नाही; त्यांना पुढचा प्रश्न विचारण्यात आहे.

२८.
म्हणून या धाग्याच्या वाचकांना तीन विनंत्या. पहिली : गाडीचा कोणताही मूळ भाग बदललात तर जुना फेकू नका. त्यावर तारीख, गाडीचे वर्ष आणि बदलण्याचे कारण लिहिलेली चिठ्ठी बांधून ठेवा. दुसरी : 'गरम झाली की बंद पडते' असे ऐकले की किती किलोमीटरनंतर, चढावर की सपाटीवर, चालताना की थांबल्यावर, आणि डबा कुठे बसवला आहे, हे लिहून घ्या.

२९.
तिसरी आणि सर्वांत तातडीची : आपल्या गावातल्या जुन्या मिस्त्रींकडे जाऊन बसा. पहिली सीडीआयची गाडी त्यांच्या दारात कधी आली, ती उघडता येत नाही हे कळल्यावर त्यांनी काय केले, कोणाकडून शिकले, उन्हाळ्यात कोणते काम वाढायचे, पॉइंटचे काम संपल्यावर कमाईचे काय झाले, हे विचारा. त्यांच्या अनुमतीने ध्वनिमुद्रण करा. कंपन्यांच्या पुस्तिका कुठे ना कुठे शिल्लक राहतील. या माणसांच्या स्मृतीची दुसरी प्रत कुठेही नाही.

३०.
तापमान मोजता येते, रोध मोजता येतो, फिनपासून डब्याचे अंतर बोटांनी मोजता येते. आपल्या मुलखाच्या इतिहासाचे खापर आभाळावर फोडण्याची सवय आपल्याला फार जुनी आहे. दुष्काळापासून दुचाकीपर्यंत तेच. आभाळाकडे बोट दाखवले की मधल्या कोणाला जबाबदार धरावे लागत नाही आणि कोणाला श्रेयही द्यावे लागत नाही. पुढच्या वेळी कोणी म्हणाले, 'आपल्या उन्हात टिकत नाही', तर शांतपणे एवढेच विचारा : "डबा कुठे बसवला होता, आणि कोणी?"